जाणाऱ्या गावाचे देणे

दिवाळीच्या अमावास्येला लक्ष्मीपूजन उरकले की कंदील घेऊन बांधावर जायचे, अशी आमच्या नावड्याच्या घरात माझ्या लहानपणी रीत होती. बत्ताशांचा प्रसाद तोंडात असतानाच वडील कोपऱ्यातली पहार उचलीत आणि मी कंदील घेऊन पुढे होई. बाहेर मुलांचे फटाके चाललेले असत, आणि त्या आवाजाकडे पाठ करून चालणे माझ्या फार जिवावर येई. पण खळ्यांच्या पलीकडे गेलो की दिसे, आमच्यासारखेच दहाबारा कंदील अंधारातून खालच्या अंगाला, कासाडीकडे निघालेले आहेत. ती रांग पाहिली की मग फटाक्यांची हौस उरत नसे.

त्यामागचे कारण मात्र अगदी व्यवहाराचे होते. अमावास्येला उधाण येते. नावड्याहून समुद्र दिसत नाही. पाहुणे आले की ‘तुमच्याकडे समुद्र कुठे?’ म्हणून विचारतात आणि आम्ही नुसता पश्चिमेकडे हात करतो. पण समुद्र दिसला नाही तरी त्याचे मीठ आमच्यापर्यंत येते. खाडीतून नदीच्या तोंडात आणि तिथून वर भरतीचे पाणी चढत येते, आणि नेमके दिवाळीच्या सुमाराला खारीतले भात कापणीला आलेले असते. चिंबोऱ्यांनी बांधात बिळे केलेली असतात. एखाद्या बिळातून पाणी झिरपायला लागले की घटकाभरात तिथे हात जाईल एवढे भोक पडते, आणि पहाटेपर्यंत बैल जाईल एवढे खिंडार. वर्षाच्या भाकरीचा प्रश्न त्या एका रात्रीवर असायचा. लक्ष्मीची पूजा घरात आणि लक्ष्मीची राखण बांधावर, असा तो हिशेब होता.

ज्यांनी खारीचा बांध पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा बांध दगडाचा नसतो, चिखलाचा असतो. खाजणातल्या चिकट मातीची ढेकळे कापायची, माणसांची रांग करायची, आणि ढेकूळ या हातातून त्या हातात देत बांधापर्यंत पोचवायचे. बांधाला जागोजाग उघाड्या असतात. उघाडीचे लाकडी दार असे बसवलेले असते की भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. इतके शहाणे दार मी पुढे कुठल्याही बंगल्याला पाहिले नाही. असा बांध एकट्या घराला घालता येत नाही आणि राखताही येत नाही. माझ्या शेतापुढचा बांध फुटला तर माझ्याबरोबर तुझेही शेत जाते, कारण आत शिरलेले पाणी सातबाऱ्यावरची नावे वाचत बसत नाही. म्हणून घरटी एक माणूस द्यायचा. अलिबागेकडे या पद्धतीला जोळ म्हणतात. आमच्याकडे तिला नाव नव्हते, एक नियम तेवढा होता: ज्याच्या शेताच्या तोंडाशी बांध फुटेल, त्याने गावात फिरून हाक द्यायची. हाक आली की भांडणातला माणूससुद्धा येई. बांधावर तो तुमच्याशी बोलत नसे, पण ढेकूळ तुमच्याच हातात देई.

मी खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवतो. दोन कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. त्या दोन्हींत गाव आहे, जत्रा आहे, हळदीची रात्र आहे. बांध मात्र नाही. एका चोखंदळ वाचकाने पत्र लिहून विचारले होते की खाडीकाठच्या लेखकाच्या पुस्तकात बांध कसा नाही? मी त्यांना उत्तर पाठवले नाही. ते उत्तर आज, उशिराने, इथे लिहितो आहे.

आमचे गाव ‘जाणार’ हे मी जन्मल्यापासून ऐकत आलो. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईसमोर नवे शहर वसवण्याची कल्पना 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. 1970 च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतली 95 गावे नव्या शहराच्या नकाशात आली. कागदावर जमीन गेली. प्रत्यक्षात ती कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्याच हाताखाली राहिली, कारण शहर चालत यायला वेळ लागतो. मधल्या काळात लोक लढले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झाले, 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत गोळीबार झाला, पाच जण मेले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व आले. आज आमच्या आगरी घरांवर जे मजले दिसतात, त्यांच्या पायात ते पाच जीव आहेत. हे विसरणाऱ्याला मी कृतघ्न म्हणेन, आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते त्या लढ्याविरुद्ध आहे असे कोणी वाचू नये.

तरीही त्या लढ्यानंतर आमच्या बोलण्यात एक शब्द घट्ट बसला: प्रकल्पग्रस्त. चंद्र ग्रस्त होतो, रोगी ग्रस्त होतो, तसे आम्ही ग्रस्त झालो. ग्रस्त माणसाने घ्यायचे असते. त्याच्याकडे कोणाचे काही देणे लागते का, हे त्याला कोणी विचारत नाही, आणि हळूहळू तोही स्वतःला विचारीनासा होतो.

आता 2005 च्या 26 जुलैकडे येतो. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडेही आभाळ फुटले होते. डोंगराचे पाणी वरून, भरतीचे पाणी खालून, आणि मध्ये आमचा बांध. तो फुटला, आणि फुटला तो नेमका आमच्या शेताच्या तोंडाशी. त्या रात्री कोणालाच काही करता येण्यासारखे नव्हते, तो दोष माझा नव्हे. दोष पुढचा आहे.

वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते. घरात कर्ता मी. वय पंचविशीचे, शाळेची नोकरी नवी, अंगात इस्त्रीचे कपडे. खिंडार बुजवायचे ते भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती मंद असते तेव्हा, आणि पावसाळा सरण्याआधी. पावसाचे गोडे पाणी आहे तोवर जमीन धुतली जाते. पाऊस थांबल्यावरही खिंडार उघडे राहिले तर रोजची भरती मीठ आणून टाकते आणि शेताचे खाजण होते. गणपती उठले तेव्हा शेजारचे काका आले. आमच्या खालच्या अंगाला त्यांचे शेत. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मास्तर, हाक कवा देतंस?”

मी त्यांना जे उत्तर दिले ते मला शब्दाशब्दाने आठवते. म्हणालो, “काका, जमीन तर जायचीच आहे. बांध कुणासाठी घालायचा?”

ते काही बोलले नाहीत. तांब्या खाली ठेवून गेले. पुढचे सांगायला मला अधिक लाज वाटते. माझे वाक्य गावात फिरले. मास्तर म्हणतो, जमीन जायचीच आहे. शिकलेला माणूस म्हणतो म्हणजे त्याला काही आतली खबर असेल! ज्यांची माणसे बांधावर यायला तयार होती तीही मग कारखान्याच्या पाळीला गेली. हाक दिली गेलीच नाही. पाऊस थांबला, भरती रोज आत येत राहिली, आणि दिवाळीच्या अमावास्येला बांधाकडे एकही कंदील गेला नाही. दोनतीन वर्षांत त्या शेतांत तिवर उगवले. तिवर तोडायला त्याच 2005 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली होती. ती योग्यच आहे, तिवरांवाचून किनारा राहत नाही. पण त्यामुळे मागे फिरायची वाटही मिटली, हेही खरेच.

यात मोबदल्याचा तोटा कोणाचा झाला नाही. काकांचे नाव कागदावर होते तसेच राहिले. मग मी त्यांचे नुकसान तरी काय केले? या प्रश्नाशी मी वीस वर्षे झगडतो आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञानातली मोठी नावे घेऊन मी वाचकांना दिपवणार नाही. माझा प्रश्न सोपा आहे: जी गोष्ट जाणार हे ठरलेलेच आहे, तिच्याविषयी आपले काही कर्तव्य उरते का?

माझ्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हणून टाकतो. आठ दिवस दहावीस माणसांनी चिखलात राबायचे आणि हाती यायचे ते थोडे जाडे लाल भात. तेवढ्या दिवसांच्या मजुरीत वर्षाचा तांदूळ दुकानातून आला असता. ज्यांनी कारखान्याची पाळी धरली त्यांचे गणित चुकले नव्हते. शिवाय शहर येणार होते ते आलेच. आज आमच्या गावठाणाभोवती वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत, पलीकडे तळोजाची औद्योगिक वसाहत आहे, पेंधरपर्यंत 2023 पासून मेट्रो धावते. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा जी 29 गावे तीत घेतली, त्यांत नावडे आहे. म्हणजे भाकीत म्हणून माझे वाक्य खरे ठरले!

पण ते भाकीत नव्हते. ते एका माणसाच्या हाकेला दिलेले उत्तर होते, आणि मी ते भाकिताच्या वेषात दिले. ‘मला चिखलात उतरायचे नाही’ असे म्हणालो असतो तर काकांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि हाक दुसऱ्या कोणी दिली असती. मी माझा आळस काळाच्या माथी मारला, आणि काळाशी कोण भांडणार?

आणखी एक हिशेब मला फार उशिरा सुचला. गाव ‘जाणार’ असे 1970 पासून म्हणत आलो. 1970 पासून 2005 पर्यंत 35 पिके निघाली. त्या प्रत्येक वर्षी जमीन जाणारच होती. माझ्या वडिलांनी मरेपर्यंत बांध राखला. त्यांना काय ठाऊक नव्हते? नोटिसा त्यांच्याच नावाने आल्या होत्या. त्या त्यांनी नीट घडी करून पेटीत ठेवल्या होत्या, आणि ज्या हाताने ठेवल्या त्याच हाताने पहार उचलली होती. कुठलीशी आशा त्यांना होती म्हणावे तर तसेही नाही. वडील फारसे आशावादी गृहस्थ नव्हते. त्यांचे म्हणणे, मला वाटते, एवढेच असावे की जमीन जाईल तेव्हा जाईल, आज काकांचे भात उभे आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. त्याच्या जहाजावर निम्मी माणसे फिलिपाईन्सची. त्याच्या खोलीतला सोबती सुट्टीवर आपल्या गावी घेऊन गेला, त्याची हकीकत तो सांगत होता. “सर, त्याचं गाव म्हणजे म्युनिसिपालिटी. मला वाटलं आपल्या पनवेलसारखं असेल. बघतो तर चहूकडे भातशेती!” डोंगराच्या कुशीतला, समुद्रापासून आत असलेला तो मुलूख. नगरभवन आहे, लोकांनी निवडलेला महापौर आहे, चर्चपुढचा चौक आहे, आणि त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर रेडे चिखल तुडवीत आहेत. कापणीनंतर भात वाळत घालतात ते बास्केटबॉलच्या मैदानावर आणि हमरस्त्याच्या निम्म्या भागावर; गाड्या निमूटपणे उरलेल्या निम्म्या रस्त्याने जातात. कोणी भोंगा वाजवीत नाही, हे त्याला सर्वांत नवल वाटले होते.

मी मग त्या देशाविषयी मिळेल ते वाचले. तिथे अशा जवळजवळ 1,500 नगरपालिका आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा निव्वळ शेतीच्या आहेत. नगरपालिकेच्या पोटात वाड्या असतात. वाडीला बारांगाय म्हणतात, आणि तो शब्द मुळात होडीवरून आलेला. एका होडीतून आलेली माणसे ती एक वाडी! ज्या आय. आर. 8 या भाताने 1966 नंतर आशियाची शेती पालटली, तेही लॉस बान्योस नावाच्या अशाच एका नगरपालिकेतल्या संशोधन संस्थेचे. त्या देशातले सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. तिथेही कूळ आणि जमीनदार यांची भांडणे जुनी आहेत, वादळे दरवर्षी येतात, आणि गावातले तरुण जहाजावर नोकरी शोधतात ते काही हौसेने नव्हे. मला त्यातले एवढेच लागले की नगरपालिका झाली म्हणून भात गेले पाहिजे, असा काही सृष्टीचा नियम नाही. आम्ही तो नियम धरून चाललो. ‘पालिका’ या शब्दात ‘पाळणे’ आहे. आम्ही त्यात ‘जाणे’ ऐकले.

आणि पाहा, पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती तिथे तयार झाल्या. त्यांची नावे पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3. आमचा जुना काळा राताही तिथल्या शास्त्रज्ञांनी निवडून शुद्ध केला. ज्या गावाच्या नावाने बियाणे ओळखले जाते, त्याच गावाच्या शाळेतल्या मुलांना मी विचारले की भात कशावर येते, तेव्हा एकीने झटकन सांगितले, “झाडावर.” वर्गात कोणी हसले नाही. हसायला निदान एकाला तरी ठाऊक असावे लागते.

पाडव्याला आपण बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतो. त्या बळीची गोष्ट मुलांना सांगताना मी बरीच वर्षे वामनाच्या तीन पावलांवर भर देत असे. जमीन गेलेल्या गावात ती गोष्ट फार रंगते. दोन पावलांत सगळे गेले, तिसऱ्याला जागा नाही, मुले डोळे मोठे करतात. अलीकडे माझे लक्ष झारीकडे जाते. गुरू शुक्राचार्य बळीला आधीच सांगतात की हा बटू साधा नाही, तुझे सर्वस्व जाणार. म्हणजे बळीला नोटीस मिळालेली होती. तरी त्याने दानाचे पाणी सोडायला झारी उचलली. आणि तोटीत अडकून बसले कोण, तर शहाणे शुक्राचार्य, ज्यांचे भाकीत अक्षर न् अक्षर खरे होते. एक डोळा घालवून बसले. ही गोष्ट सांगताना हल्ली मला वर्गात त्या डोळ्यापाशी थांबायला आवडत नाही. मी पटकन पुढे जातो.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढे मनाला लावून घेऊ नका. तुम्ही हाक दिली असती तरी आज तिथे भात नसते. कबूल. कासाडीच्या पाण्याचे काय झाले ते जगाने 2017 साली पाहिले, त्या पाण्यात शिरलेली तळोज्याची कुत्री निळी झाली तेव्हा. तसल्या पाण्याकाठी भात किती दिवस टिकले असते? पाच वर्षे म्हणा, सात म्हणा. पण ती पाच वर्षे काकांची होती. काकांना तेव्हा साठी लागलेली. त्या वयात शेतकऱ्याच्या हातून शेत गेले की त्याच्या सकाळीचे काय करायचे, याला कुठल्याही कायद्यात मोबदला नाही. त्यांना भूखंड मिळाला, मुलांनी इमारत बांधली, खाली गाळे काढले. काका गाळ्यापुढच्या पायरीवर बसतात. वीस वर्षांत त्या ओटीवरच्या बोलण्याची त्यांनी मला एकदाही आठवण दिली नाही. माझ्या मुलाच्या बारशाला आले, माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले.

महानगरपालिकेत मालमत्ता कर भरतो, पावती घेतो, दिवा लागतो, कचरा उचलला जातो. मी त्याची कुचेष्टा करीत नाही. माझ्या आईला डोक्यावरून पाणी आणताना मी पाहिले आहे. पण पावती हातात पडली की देणे फिटते. बांधाचे देणे तसे फिटत नसे. ते दर उधाणाला नवे होई, आणि त्यामुळे शेजाऱ्याचे तोंड पाहावेच लागे. माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोण राहतो ते मला दारावरच्या पाटीवरून कळले.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन झाल्यावर मी गच्चीत पोरांबरोबर भुईनळे लावीत होतो. खाली पाहिले तर काका हातात बॅटरी घेऊन रस्त्याने चाललेले. ऐंशी उलटलेली, पायात चप्पल नाही. मी जिना उतरून धावत गेलो. वाटले, भ्रम झाला असेल. आमच्या इमारतीतही एका आजींना तसे झाले होते.

“काका, कुठे निघालात?”

“उधान हाय ना आज,” ते म्हणाले.

“तिथे आता बांध नाही, काका.”

“मना ठाव हाय.” त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली, मला नीट पाहिले. आवाज अगदी शुद्धीवरचा होता. “दर अवशीला जातो मी. पानी कवर आला तं बगून येतो.”

मी उभा राहिलो. मागे कुठेतरी हजाराची माळ लागली होती, ती संपेपर्यंत दोघेही बोललो नाही.

“उद्या शाला बंद ना तुजी?”

“बंद.”

“मंग चल,” ते म्हणाले, आणि बॅटरी माझ्या हातात देऊन पुढे चालू लागले.